चेलबर्ग फार्म टूरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू नीट वाचला. शिकागोहून तासभर गाडीत बसून इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्कमधल्या चेलबर्ग फार्मला गेलो, बघायला काय तर एक जुनं विटांचं घर, तेही कुलूप लावलेलं, वर आईला चिखलातून चालायला लागलं, असं तुम्ही लिहिलंय.

कुलपाची आणि चिखलाची चूक आमचीच. घर आतून रोज उघडं नसतं हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. तुमच्यासोबत काकू, म्हणजे तुमच्या आई, येणार हे माहीत असून पायवाटेबद्दलही बोललो नाही. मनापासून सॉरी. अर्धे पैसे आजच परत पाठवलेत आणि या दोन्ही गोष्टी आता बुकिंगच्या मेसेजमध्ये सगळ्यात वर टाकल्यात.

पण "बघण्यासारखं काहीच नाही" हे वाचून वाईट वाटलं हो. अँडर्स आणि योहाना चेलबर्ग हे शेतकरी नवराबायको १८६३ मध्ये लहान मुलाला घेऊन स्वीडनहून आले, सहा वर्षांनी ही जमीन घेतली, १८८४ मध्ये राहतं लाकडी घर जळालं आणि पुढच्याच वर्षी जवळच्याच पोर्टर गावातल्या वीटभट्टीच्या विटा आणून त्यांनी नवं घर उभं केलं, तुम्ही बाहेरून पाहिलंत ते हेच. तीन पिढ्या तिथे नांदल्या, मग १९७२ मध्ये जागा नॅशनल पार्क सर्व्हिसला विकली. अमेरिकेत श्रीमंतांचे वाडे भरपूर जपलेत, पण साध्या शेतकऱ्याचं घर, गोठा, अवजारांची शेड असं सगळं जागच्या जागी फार कमी ठिकाणी बघायला मिळतं, म्हणून तर मी ही टूर सुरू केली.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये आलात, तेव्हा मेपलच्या झाडाच्या रसाचं सिरप बनवायची शेड बंद असते. मार्चमध्ये, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा जरा ऊब असली की झाडातून पाण्यासारखा रस ठिबकायला लागतो, तो लाकडाच्या जाळावर तासन्‌तास आटवतात, ४० लिटर रसाचं जेमतेम १ लिटर सिरप. मंदीच्या काळात, १९३० नंतर, घरच्यांनी जोडधंदा म्हणून ते सुरू केलं होतं. वाफेने भरलेली शेड आणि तो गोडसर वास, आपल्या गुऱ्हाळावर उभं राहिल्यासारखंच वाटतं.

काकू गाडीत म्हणत होत्या की त्यांच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. मार्चमध्ये त्यांना घेऊन या, दोघींचं तिकीट माझ्याकडून, आणि गाडी जास्तीत जास्त जवळ नेऊ.