टर्बो बदलण्याआधी हवा कुठे जाते ते बघा

डिझेल पिकअप चालवणाऱ्यांच्या फोनवर टर्बोबद्दलचा एक संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या, जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. थोडक्यात तो असा: "माल भरून गाडी चढाला लागली की टर्बो लाल होतो आणि ओढ जाते? टर्बो संपला, नवा बसवा. खात्री करायची तर हवेचा पाइप काढून बघा. आत तेल दिसेल, शाफ्ट हलेल. तोवर थर्मोस्टॅट काढून टाका, जाड ऑइल भरा, ईजीआरला पत्रा मारा. गाडी बंद करण्याआधी दर वेळी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा. तरीही ताकद कमी वाटली तर चिप लावा."

मी रोज या गाड्यांच्या बॉनेटखाली असतो. हे वाचून धडधाकट टर्बो काढून टाकलेले मालक मला भेटलेत, आणि नवा टर्बो बसवल्यावर थोड्याच दिवसांत तोही गेला असे मालकही भेटलेत. दुसऱ्यांचं जास्त वाईट वाटतं. त्यांचे पैसे दोनदा गेले आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. म्हणून त्या संदेशातला एकेक मुद्दा घेतो.

"टर्बो लाल झाला म्हणजे तो संपला."

लोखंड साधारण ५०० ते ५५० अंश सेल्सियसला अंधारात मंद लाल दिसायला लागतं. भरलेली गाडी लांब चढ चढत असताना डिझेलचा एक्झॉस्ट ७०० अंशांच्या घरात सहज जातो, आणि तो सगळा गॅस टर्बोच्या गरम बाजूतूनच बाहेर पडतो. त्यामुळे रात्री चढ संपवून लगेच बॉनेट उघडलं तर ती बाजू मंद लाल दिसणारच. ती तेवढी उष्णता सोसायलाच बनवलेली असते. भर दिवसा लाल दिसत असेल, किंवा रिकामी गाडी सपाट रस्त्याला चालवूनही दिसत असेल, तर मात्र एक्झॉस्ट नको तेवढा तापतोय. पण ती उष्णता टर्बोने तयार केलेली नाही. ती इंजिनातून त्याच्याकडे आली आहे, आणि का आली हे इंजिनाकडेच विचारायला हवं.

"ओढ गेली म्हणजे टर्बो गेला."

इथे जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. डिझेल इंजिनाला एक किलो डिझेल पूर्ण जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण चांगलं चालणारं डिझेल इंजिन तेवढ्यावर कधीच भागवत नाही, ते बरीच जास्त हवा ओढतं. ही जादा हवाच धूर होऊ देत नाही आणि तापमानही खाली ठेवते. आता डिझेल तेवढंच ठेवून हवा कमी करा. डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर येतो, ताकद कमी होते, आणि उष्णता वाटून घ्यायला हवाच नसल्यामुळे एक्झॉस्ट तापत जातो. पेट्रोल इंजिनात इंधन वाढवलं की सिलिंडर थोडं थंड होतं. डिझेलमध्ये नेमकं उलट होतं, आणि पेट्रोलवर शिकलेले चांगले मिस्त्रीसुद्धा इथे चकतात.

म्हणजे टर्बो तापणं आणि ओढ जाणं ही दोन दुखणी नाहीत. बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ एकच असतं: हवा कमी पडतेय किंवा जळालेला गॅस बाहेर पडत नाहीये. आणि हवा कमी पडायला टर्बो खराबच असावा लागतो असं अजिबात नाही.

हवेच्या वाटेने चालत गेलं की कारण सापडतं. सुरुवात एअर फिल्टरपासून. नुसता वरून झटकून परत बसवलेला फिल्टर आतून गच्च भरलेला असतो. मग टर्बोच्या थंड बाजूचं चाक. त्याच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या, वाकलेल्या असतील तर तिथे खरंच टर्बो गेलाय, आणि काय आत गेलं ते शोधावं लागेल. पुढे इंटरकूलर. हवा दाबली की ती तापते. ३० अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली तर ती १०० अंशांच्या वर जाते. तिला थंड करणारी जाळी चिखलाने, किड्यांनी आणि वाळलेल्या गवताने भरली असेल तर इंजिनात गरम, विरळ हवा जाते. एसीची जाळी, इंटरकूलर आणि रेडिएटर एकापुढे एक असतात. समोरून सगळं स्वच्छ दिसतं आणि कचरा असतो दोघांच्या मधल्या फटीत. टॉर्च लावून वरून बघितल्याशिवाय तो दिसत नाही.

आणि मग होज. याची एक गोष्ट सांगतो. एक भरपूर वापरलेली पिकअप आली होती. दोन ठिकाणी दाखवून झालेली, दोन्हीकडे "टर्बो बदला" हेच उत्तर. उभ्या गाडीत सगळं ठीक, रेस दिली तरी ठीक. माल भरून चढ लागला की काळा धूर आणि ओढ गायब. मी खाली झोपून बघत होतो तर चेसिसच्या पट्टीवर एकाच जागी ओलसर काळा डाग होता, पंख्यासारखा पसरलेला. बाकी पट्टीवर सगळीकडे सुकी धूळ. डागाच्या बरोबर वर इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज, आणि त्याच्या वळणाच्या खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी जवळ, एक चीर. हाताने होज वाकवला तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी उघडली, सोडला की ओठांसारखी मिटली. दाब नसताना बंद, दाब आला की उघडी. उभ्या गाडीत ती कुणाला दिसणार? होज बदलला, क्लिप बदलली. तोच माल, तोच चढ, धूर नाही. टर्बो अजून तोच आहे.

यात एक बारकावा आहे. ती चीर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे होती. सेन्सरने हवा पुरेशी मोजली, कॉम्प्युटरने त्या हिशेबाने डिझेल सोडलं, आणि मोजलेली हवा वाटेत निसटली. म्हणून धूर. फिल्टर तुंबला असेल तर सेन्सरच कमी हवा मोजतो, कॉम्प्युटर डिझेल कमी करतो, आणि धूर न होता नुसती ओढ जाते. जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या पंपाच्या गाड्यांमध्ये ही सोय नाही, तिथे तुंबलेला फिल्टरही धूर काढतो. आणि ओढ गेली पण धूरही नाही, एक्झॉस्टही उलट थंडच, असं असेल तर आधी डिझेल फिल्टर बघा. चढावर इंजिनाला डिझेलच पोचत नसेल तर टर्बो बिचारा फिरणार कशावर? अडकलेला ब्रेकही गाडीची ओढ अशीच खातो. चाकाच्या डिस्कजवळ हात नेला की कळतं.

हवेची आत यायची वाट मोकळी असेल तर बाहेर जायची वाट बघायची. सायलेन्सरमधला काजळी धरणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, तुंबला की गॅस मागे दाबला जातो, टर्बाइन, म्हणजे टर्बोच्या गरम बाजूचं चाक, नीट फिरत नाही आणि सगळी उष्णता तिथेच कोंडते. गाडी फक्त जवळच्या फेऱ्यांना वापरली तर हे फार लवकर होतं.

राहिला एक प्रकार, जो नव्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त दिसतो. गाडी छान ओढत असते, चढावर एकदम कुणीतरी मागून धरल्यासारखी होते, चेक इंजिनचा दिवा लागतो. बाजूला घेऊन चावी बंद करून परत चालू केली की गाडी पुन्हा ठीक. हा लिंप मोड आहे, कॉम्प्युटरने स्वतःहून आखडता घेतलेला हात. स्कॅनरवर बहुधा पी०२९९ हा बिघाडाचा कोड दिसतो आणि लगेच निकाल लागतो: टर्बो खराब. त्या कोडचा अर्थ एवढाच की जेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, लागत होता तेवढा मिळाला नाही. का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. फुटलेल्या होजनेही तोच कोड येतो. उलटा कोड, पी०२३४, दाब जास्त झाल्याचा. एकाच गाडीत कधी हा, कधी तो येत असेल तर टर्बोच्या आतल्या हलणाऱ्या पाकळ्या काजळीने अडकत असण्याची शक्यता मोठी. त्याआधी पाकळ्या हलवणारा व्हॅक्यूमचा बारीक नळा बघा. तो उष्णतेने कडक होऊन तडकतो. हातपंपाने व्हॅक्यूम दिला की पाकळ्या हलवणारी दांडी सरळ, न अडखळता पूर्ण यायला हवी आणि सोडल्यावर तशीच परत जायला हवी. दांडी येते पण हळूहळू सुटते, तर तिला ओढणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फुटलाय. मध्येच अडखळते, तर पाकळ्या साफ करायला हव्यात.

"पाइपात तेल दिसलं, शाफ्ट हलला, म्हणजे टर्बो बाद."

पाइपात आतून तेलाचा पातळ थर असणं बहुतेक डिझेल गाड्यांत नेहमीचं आहे. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागातली, वाफ तिथेच सोडलेली असते, तिच्याबरोबर तेलाचा अंश येतो. पाइप तिरका केल्यावर तेल ओघळून बाहेर आलं तर काळजी करा. तरीही आधी टर्बोखालचा तेल परतीचा पाइप बघा. तो तुंबला किंवा वाकला असेल तर चांगला टर्बोही तेल ओकतो.

शाफ्टचं म्हणाल तर तो तेलाच्या थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो. इंजिन बंद असताना तो थर नसतो, त्यामुळे वर-खाली किंचित हलणं साहजिक आहे. बघायचं ते दुसरंच. शाफ्ट आत-बाहेर ढकलून बघा, तिथे हाताला हालचाल जाणवायला नको. आणि बाजूला दाबून फिरवताना चाक घराला घासतंय का, भिंतीवर चकचकीत ओरखडा आहे का, ते बघा. घासत असेल तर टर्बो गेला, मी स्वतः बदला म्हणेन. पण तेव्हाही आधी तेल येणारा पाइप नवा टाका आणि तेल ओढणारी जाळी तपासा. इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरमधून गॅस गळत असेल तर त्याचं काळं कार्बन तेलात मिसळतं आणि जाळीत साचतं. अशा इंजिनावर कितीही नवा टर्बो बसवा, त्याला तेल मिळणारच नाही. बसवल्यानंतर लगेच गेलेल्या टर्बोंमध्ये मला तेलाची उपासमारच जास्त दिसली आहे.

"थर्मोस्टॅट काढा, जाड ऑइल भरा."

थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान सांभाळतो. टर्बोत जातो तो एक्झॉस्ट, त्याच्याशी थर्मोस्टॅटचा संबंध नाही. काढला की इंजिन गार राहतं, डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो काढला की ती वाट उघडीच राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि इंजिन उलट तापतं. काटा खरोखर वर जात असेल तर पंखा, पाणी आणि जाळ्या बघा.

जाड ऑइलने टर्बोची गळती थांबेल, हा समज टर्बोचं सील रबराचं असतं या कल्पनेतून आलाय. ते पिस्टनच्या रिंगसारखं धातूचं असतं, आणि दोन्ही बाजूंच्या गॅसच्या दाबामुळे तेल आत राहतं. एअर फिल्टर तुंबून चाकाच्या मागे पोकळी झाली तर ऑइल जाड असो की पातळ, बाहेर ओढलं जाणारच. शिवाय जाड ऑइल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि नेमके तेच पहिले काही सेकंद बुशांना सगळ्यात जास्त झिजवतात. पुस्तिकेत जो ग्रेड आहे तोच भरा. डीपीएफ असेल तर त्यासाठीचंच, कमी राखेचं.

"ईजीआरला पत्रा मारा."

ईजीआर म्हणजे जळालेला थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला असेल तर ताकद खातो, हे खरं. पण धड चालणारा ईजीआर पूर्ण लोडवर तसाही बंद असतो, त्यामुळे चढावरची ओढ पत्रा मारून वाढत नाही. अडकलेला असेल तर काढून साफ करा. पत्रा मारला तर कॉम्प्युटरला ते कळतं आणि तो दिवा लावून बसतो, शिवाय धुराचं प्रमाण बिघडतं ते वेगळंच.

"बंद करण्याआधी दर वेळी पाच मिनिटं."

मूळ सल्ला चांगला होता, फक्त तो सगळीकडे लावला गेला. तापलेला टर्बो एकदम बंद केला की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत उरलेलं तेल करपून चिकटतं. म्हणून भरली गाडी चढ चढून थेट थांबवायची असेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. शेवटचा किलोमीटर-दीड किलोमीटर सावकाश आलात तर तेवढ्यात टर्बो निवलेला असतो. रोज उगाच पाच-पाच मिनिटं चालू ठेवलेल्या डीपीएफच्या गाडीत तर काजळीच जमते, आणि मग तीच गाडी ओढत नाही म्हणून माझ्याकडे येते.

"चिप लावा."

यावर मला राग येतो. ओढ हवेमुळे गेली आहे आणि उपाय म्हणून इंजिनात डिझेल वाढवायचं! बाहेरून लावायचे बरेच बॉक्स रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कमी आहे असं कॉम्प्युटरला भासवतात, तो दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. काही दिवस गाडी छान वाटते. एक्झॉस्ट मात्र आणखी तापतो, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. गेल्या पावसाळ्यानंतर अशीच एक पिकअप माझ्याकडे ओढून आणली होती. एका पिस्टनच्या डोक्याची कड वितळून खाली ओघळली होती. बॉक्स काढून बाजूला ठेवला आणि सवयीने हवेच्या वाटेने हात फिरवत गेलो. इंटरकूलरच्या होजची क्लिप सैल होती, बोटांनी फिरत होती.