'अ ब्रोकन फ्रेम'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डेपेश मोड या ब्रिटिश बँडच्या 'अ ब्रोकन फ्रेम' या दुसऱ्या अल्बमवरचा माझा लेख शेवटपर्यंत वाचलात, आभार. मतभेदाचं मला वावडं नाही. पण "लेखकाने हा अल्बम कानांनी नाही, आठवणींनी ऐकलाय, व्हिन्स क्लार्क बँड सोडून गेल्यावर डेपेश मोडने नुसती वेळ मारून नेली" ही काय बोलायची पद्धत झाली? माझ्या ऐकण्यावर शेरा मारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

यातलं 'अ फोटोग्राफ ऑफ यू' हे गाणं फिकं आहे, हे मान्य. पण तेवढ्यावरून 'वेळ मारून नेली'?

'स्पीक अँड स्पेल' हा पहिला अल्बम १९८१च्या ऑक्टोबरात आला आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत १०व्या क्रमांकापर्यंत गेला. त्यात बँडमधल्याच मार्टिन गोरच्या रचना दोनच, बाकी सगळं क्लार्कचं. तो वर्ष संपायच्या आत बाहेर पडला आणि सगळा भार विशीतल्या गोरवर आला. १९८२च्या सुरुवातीला त्याचं 'सी यू' हे गाणं आलं, ते ६व्या क्रमांकावर पोहोचलं. क्लार्कचं गाजलेलं 'जस्ट कान्ट गेट इनफ' ८व्यावर थांबलं होतं! सप्टेंबरात आलेला हा दुसरा अल्बमही पहिल्याच्या पुढे, ८व्या क्रमांकावर गेला. ॲलन वाइल्डर तेव्हा त्यांच्याबरोबर कार्यक्रमांत वाजवत होता, तरी रेकॉर्डिंगला त्याला घेतलं नाही, कारण क्लार्कशिवाय आपलं आपल्याला जमतं हे उरलेल्या तिघांना दाखवायचं होतं. वेळ मारून नेणारे हाताशी आलेला वादक बाहेर ठेवतात का?

आणि कानांचंच म्हणाल तर 'द सन अँड द रेनफॉल' ऐका. संथ चाल, शेवटाकडे एकावर एक चढत जाणारे आवाज, नाचायला लावायची कसलीही घाई नाही. पुढच्या डेपेश मोडचा सगळा काळोख तिथे सुरू होतो. पहिल्या अल्बममध्ये असं एक तरी गाणं दाखवा.

मी स्वतः बँडमध्ये कीबोर्ड वाजवलाय. चाली बांधणारा आमचा मित्र सोडून गेला, तेव्हा तालमीला आम्ही नुसते वायरी जोडत बसायचो. पहिला सूर कुणी लावायचा हेच ठरेना. मग त्याच्याच चाली फिरवून फिरवून वाजवल्या आणि बँड मोडला. वेळ मारून नेणं म्हणजे काय, ते मी केलेलं आहे. या तिघांनी ते केलं नाही. अशा खोलीत तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर पुढे बोलू.

निर्माता डॅनियल मिलरचा वाटा, क्लार्कचा नंतरचा बँड यझू सरस की डेपेश मोड, यात मी शिरत नाही. यझू मलाही आवडतो, तो विषय वेगळा. "गाण्यांपेक्षा मुखपृष्ठ बरं" हा टोमणाही सोडून देतो. ब्रायन ग्रिफिनचं ते छायाचित्र उत्तमच आहे.

फक्त एक विनंती. तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत या अल्बममधल्या एकाही गाण्याचं नाव नाही. पुन्हा लिहाल तेव्हा नाव घेऊन लिहा.