फ्रंट लोड, सोलापूरचं पाणी आणि तो मेसेज

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भिशीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर आणि शेवटी मोठ्या जाऊबाईंकडून. त्यांनी खाली "खरंय का गं हे?" एवढं जोडलं होतं. मजकूर थोडक्यात असा:

"सोलापूरकरांनो, फ्रंट लोड वॉशिंग मशीन घेऊ नका. ती चोवीस तास नळ असलेल्या शहरांसाठी आहे. पाणी जास्त पिते, तीन-तीन तास चालते, टाकीच्या पाण्यावर भरत नाही, आपल्या जड पाण्यानं सहा महिन्यांत हीटर जातो, रबराला बुरशी धरते आणि सोलापुरी चादर तर त्यात निघतच नाही. सेमी ऑटोमॅटिकच बरी, तेच पाणी तीनदा वापरता येतं."

जाऊबाईंना या महिन्यात मशीन घ्यायची आहे, म्हणून हे सविस्तर. आमच्याकडे फ्रंट लोड सहा वर्षं आहे. पहिलं वर्ष मी ती पूर्ण चुकीची वापरली, त्यामुळे मेसेजमधल्या तक्रारी कुठून येतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

"पाणी जास्त पिते." हे सरळ उलटं आहे. टॉप लोडमध्ये टब उभा असतो आणि कपडे पाण्यात मोकळे फिरावे लागतात, म्हणून टब भरावाच लागतो. फ्रंट लोडचा ड्रम आडवा. तळाशी थोडंसं पाणी असतं, ड्रम फिरला की आतल्या उंचवट्यांवर कपडे वर जातात आणि वरून खाली आपटतात. आपल्या आज्या दगडावर धुणं आपटायच्या, त्यातलाच प्रकार. सहा-सात किलोच्या फुल ऑटोमॅटिक टॉप लोडला एका धुण्याला साधारण १०० ते १५० लिटर पाणी लागतं, तेवढ्याच फ्रंट लोडला ५० ते ७०. मॉडेलप्रमाणे आणि प्रोग्रॅमप्रमाणे आकडा हलतो, पण निम्म्याच्या आसपासचा फरक राहतो. मी स्वतः एकदा निचऱ्याचं सगळं पाणी वीस लिटरच्या बादल्यांनी मोजलं. तीन बादल्या भरल्या आणि चौथीच्या तळाला थोडं.

नळ चार-पाच दिवसांआड येणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो ते बघा. दोन नळांच्या मध्ये तीन धुणी धरली, तर टॉप लोडला साडेतीनशे लिटरच्या घरात पाणी, फ्रंट लोडला दोनशेच्या आत. हजार लिटरच्या टाकीतले दीडशे लिटर म्हणजे शेवटच्या दिवशी टँकरवाल्याला फोन करायचा की नाही, एवढा फरक. ११७ टीएमसीचं उजनी आपल्याच जिल्ह्यात आहे, पण धरण उशाला आणि कोरड घशाला, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

"तीन तास चालते." चालते की. पण वेळ लागला म्हणजे पाणी लागलं असं नाही. मशीन पाणी सुरुवातीला एकदा घेते, नंतर खळबळायला दोन-तीनदा. मधला सगळा वेळ तेच पाणी फिरत असतं. हर्बर्ट झिन्नर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ साली धुण्याचं गणित मांडलं होतं: साबण, घासणं, उष्णता आणि वेळ. यातलं एक कमी केलं की दुसरं वाढवावं लागतं. इको प्रोग्रॅम उष्णता कमी करतो आणि वेळ वाढवतो, एवढंच. सकाळी लावा आणि कामाला जा.

"टाकीच्या पाण्यावर भरत नाही." यात तथ्य आहे, पण दोष टाकीचा नाही, उंचीचा आहे. बऱ्याच फ्रंट लोडना पाणी आत घ्यायला किमान ०.३ बार दाब लागतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे टाकीचा तळ मशीनच्या नळापासून निदान तीन मीटर, दहा फूट वर हवा. खालच्या मजल्यांवर हा प्रश्नच येत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर मात्र टाकी अगदी डोक्यावर असते. ठरलेल्या वेळेत पाणी पुरेसं चढलं नाही की मशीन एरर दाखवून थांबते आणि लोक म्हणतात, बिघडली. उपाय दोनच: टाकीखाली स्टँड उंच करा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. दुकानात जायच्या आधी गच्चीवर जाऊन टेप लावा. माहितीपत्रकात किमान दाब छापलेला असतो, तो सेल्समनला वाचून दाखवायला सांगा.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यालाही माहीत नसावी. मशीनच्या मागे पाइप जिथं जोडतात तिथं एक बारीक जाळी असते. पाइपलाइन दुरुस्त झाली की पहिले दोन नळ कसे गढूळ येतात ते आपण बघतोच. तो गाळ त्या जाळीत बसतो. दाब नाही म्हणून ओरडणाऱ्या दोन घरांत मी स्वतः ती जाळी जुन्या टूथब्रशनं साफ करून दिली आहे. पंपाचे पैसे वाचले, चहा मिळाला.

"जड पाण्यानं हीटर जातो." जातो, पण सहा महिन्यांत जायला तुम्हाला बरेच कष्ट घ्यावे लागतील. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापल्यावर पांढरे होऊन बसतात, म्हणून गिझरमध्ये आणि चहाच्या पातेल्यात थर दिसतो. गार पाण्यात धुतलंत तर हीटर चालतच नाही, थर कुठून येणार? रोजच्या कपड्यांना गार पाणी किंवा ३०-४० अंश पुष्कळ. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो. त्या पाण्याला मशीननं आणखी काय तापवायचं?

बोअरचं पाणी वापरत असाल तर गोष्ट वेगळी. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. त्याच्या वर गेलेल्या बोअरचं पाणी असेल तर नळाचं मशीनला आणि बोअरचं फरशीला, अशी वाटणी करा. तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. दारावर येणारा फिल्टरवाला पेनासारखा टीडीएस मीटर बुडवतो आणि लाल आकडा दाखवून घाबरवतो. तो मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो, कठीणपणा वेगळा मोजत नाही.

थर काढायला दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबाचं फूल, टाकून ६० अंशांचा प्रोग्रॅम लावा. त्याच वेळी ब्लीच मुळीच टाकू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

"रबराला बुरशी धरते." धरते, दार लावून ठेवलं तर. धुणं झालं की रबराची घडी फडक्यानं पुसा, दार आणि साबणाचा कप्पा उघडा ठेवा. पावडरही कमी टाका. माझं पहिलं वर्ष इथंच वाया गेलं. बादलीच्या हिशोबानं मूठ-मूठ पावडर टाकायचे, तीही हातानं धुण्याची. फेस इतका व्हायचा की कपडे फेसावरच आदळायचे, घासलेच जायचे नाहीत. वर खळबळायला जास्तीचं पाणी, आणि उरलेल्या साबणाचा चिकट थर ड्रमच्या मागे. वास त्याचाच येतो. फ्रंट लोडची कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड, डब्यावर लिहिलंय तेवढंच.

पुढच्या बाजूला खाली झाकणाच्या आड पंपाची गाळणी असते, ती महिन्यातून एकदा उघडायची. आमच्या गाळणीत आजवर निघालेला ऐवज: साडीपिना, दोन रुपयांचं नाणं आणि गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, मुलीनं आणलेल्या माळेचे मणी.

"सोलापुरी चादर निघत नाही." एकटी चादर टाकली तर खरंच अडचण होते. भिजून जड झालेला सुती गोळा ड्रमच्या एका बाजूला बसतो, तोल जातो आणि मशीन पिळायचं टाळते. चादरीबरोबर दोन-तीन टॉवेल टाका, वजन वाटलं जातं. नवी गडद चादर पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवा, रंग सुटतो. त्याच वेळी तोलासाठी जुने गडद टॉवेल घ्या. टेरी टॉवेल पाणी भरपूर शोषतात, त्यामुळे त्या धुण्याला मशीन जरा जास्त पाणी घेते. फॅब्रिक सॉफ्टनर टॉवेलना लावू नका, मग ते अंग पुसायचे राहत नाहीत. मशीन जागेवरून सरकत असेल तर आधी बसवणाऱ्यानं मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का ते बघा, मग शहाबादी फरशीचा उतार.

आता ती शेवटची ओळ. "सेमी ऑटोमॅटिकमध्ये तेच पाणी तीनदा वापरता येतं." हे खरं आहे. संपूर्ण मेसेजमध्ये हाच मुद्दा असा आहे की मला उत्तर शोधावं लागलं. माझ्या सासूबाई एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, मग पायपुसणी काढायच्या, आणि उरलेल्यात बाथरूम घासायच्या. त्यांच्याइतकं काटकसरीनं पाणी वापरणारी मशीन अजून बनलेली नाही. तुमच्या घरी असं माणूस असेल आणि त्याला उभं राहायला वेळ असेल, तर सेमीच घ्या, मी वाद घालणार नाही. पण आजूबाजूला बघते ते असं की, साबणाचं पाणी तीनदा वापरलं जातं आणि खळबळायला मात्र नळ मोकळा सोडलेला असतो. वाचलेलं सगळं तिथं जातं.

आणि फ्रंट लोडचं पाणीही परत वापरता येतं, फक्त बाहेर आल्यावर. निचऱ्याचा पाइप गटारात न सोडता दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये सोडायचा. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा पाइप फरशीवरच्या घमेल्यात ठेवला. मशीन एकीकडून पाणी घेत होती आणि ते दुसरीकडून आपोआप वाहून जात होतं. पाइपचं तोंड खाली असलं की पंप बंद असतानाही पाणी ओढून बाहेर पडतं, मशीनला वाटतं अजून भरलं नाही, ती आणखी घेते. नळाला तीन दिवस बाकी असताना अर्धी टाकी गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पाइपचं तोंड जमिनीपासून साधारण दोन ते तीन फुटांच्या मध्ये हवं, नेमकं माप पुस्तिकेत असतं. बॅरलची कड जवळपास तेवढ्याच उंचीवर येते. पाइप कडेला बांधून टाका, तोंड पाण्यात बुडू देऊ नका. पहिलं साबणाचं पाणी बाथरूम आणि जिन्याला, नंतरचं खळबळलेलं संडासात टाकायला. कुंड्यांना आणि तुळशीला नको, डिटर्जंटमधल्या क्षारांनी माती खराब होते. दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा, नाहीतर वास मारतो.

राहिली निवड. चौघांच्या घराला सहा-सात किलो पुरतं, आणि तो आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. नऊ किलोची घेऊन रोज अर्धी भरून चालवली तर वाचलेलं पाणी तिथंच गेलं. स्टारच्या पट्टीबरोबर दर धुण्याला किती लिटर लागतात तेही माहितीपत्रकात शोधा.

जाऊबाईंनी हे सगळं ऐकून काल मुलाला टेप देऊन गच्चीवर पाठवलं. त्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. टाकीचा तळ नळापासून साडेसात फुटांवर आहे. तेव्हा प्रेशर पंपाचे पैसे आधी बाजूला काढलेत, आणि चर्चा आता पाच किलो की सात यावर आली आहे.