न हलणारा खांब

९ फूट बाय २० फूट. अमेरिकेतल्या कोलंबसला राहायला येणाऱ्यांनी बॅगा भरायच्या आधी हा आकडा पाठ करावा. पुण्यात एवढ्या जागेत वडापावची गाडी, तीन स्कूटर आणि गणपतीची वर्गणी मागणारी पोरं आरामात मावतात. काल ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिथे माझी एक गाडी मावली नाही.

बाकीचं पटकन उरकतो. ओहायोची राजधानी, वस्ती ९ लाखांवर, तरी प्रवासी रेल्वे नाही. शेवटची प्रवासी गाडी १९७९ साली गेली ती गेलीच. बसचं तिकीट २ डॉलर, पण किराणा घेऊन बसने यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. गाडी लागतेच. भारतीय लायसन्स पाहुण्यापुरतं. बस्तान बसवलं की ३० दिवसांत इथलं काढायचं. लेखी परीक्षेत ४० पैकी ३० बरोबर आले की शिकाऊ परमिट मिळतं, पण मग शेजारी निदान २१ वर्षांचं लायसन्सवालं माणूस हवं. म्हणजे बायको. तिचं पहिल्या फटक्यात झालंय.

मग येतात ते पाच खांब. चारांची ती ९ बाय २० ची चौकट, पाचवा समोर मधोमध आणखी २० फुटांवर. चौकटीतून पुढे येऊन परीक्षक म्हणेल त्या बाजूने पाचव्याच्या बगलेने जायचं, मागचा बंपर त्याच्या रेषेत आला की गाडी चौकटीला समांतर उभी करायची, आणि मग रिव्हर्समध्ये चौकटीतून परत. खांबाला घासलं तर गुण जातात, मध्येच थांबून अंदाज घेतला तरी जातात. खांब आडवा झाला तर खेळ खल्लास. माझा झाला.

बाहेर बाकावर लाल टोपीवाले आजोबा बसले होते. नातीची परीक्षा चालू होती.

"कुठे शिकलास?" (इंग्रजीत अहो-जाहोची सोय नाही, पण सूर चक्क अरे-तुरेचा.)

"पुण्यात. पंधरा वर्षं चालवतोय."

"रस्त्यात गाई असतात म्हणे?"

"असतात."

"कधी धडक दिलीस?"

"नाही."

ते बराच वेळ विचारात पडले. "म्हणजे हलतं ते सगळं चुकवतोस. आणि जो बिचारा जागचा हलत नाही..."

मी हसलो. हसायला आलं नव्हतं.

मग त्यांनी बाकावर साखरेच्या चार पुड्या मांडल्या, समोर कॉफीच्या कपाचं झाकण ठेवलं, आणि गाडी म्हणून चष्म्याचं घर घेतलं. "तू उजवीकडून गेलास. खांब आता तुझ्या डाव्या मागच्या कोपऱ्याशी. लगेच चाक डावीकडे मारलंस ना?" मारलं होतं. "मग मागचं दार त्याच्यावर चढणारच! आधी सरळ मागे ये. खांब मागच्या दाराच्या पुढे सरकू दे, मग हळूच वळव. शेपूट चौकटीत शिरली की चाक उलटं फिरवून सरळ कर. तेव्हा नाक डावीकडे झुकतं, तिकडेही बघ. आणि आरशांवर भिस्त ठेवू नकोस. मान वळव, मागच्या काचेतून बघ."

मी म्हटलं, आमच्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, डावा कोपरा जन्मभर लांबून जोखलेला. इथे बसायची बाजूच बदलते.

"खांबाला सांगून बघ," ते म्हणाले.

आता ७ दिवस थांबा. शिवाय माझ्या वयाचा माणूस पहिल्यांदा नापास झाला की ४ तासांचा कोर्स, वर शिक्षकाबरोबर ४ तास नाहीतर कुणा लायसन्सवाल्याबरोबर २४ तास गाडी चालवायची. चोवीस तास, बायकोच्या शेजारी! आणि हे कशासाठी, तर सबंध शहरात रस्त्यावर कुठेही न दिसणाऱ्या पाच खांबांसाठी. इथल्या दुकानांची पार्किंगं एवढी ऐसपैस, की तिथे उलटी गाडी घालायची वेळ वर्षातून एकदा आली तर आली.

सराव करायचा तर मापं खडूने आखा आणि कचऱ्याचे उंच डबे मांडा. बादल्या नकोत, त्या मागच्या काचेतून दिसत नाहीत. शेजाऱ्यांचे डबे मागायचे तर कचरागाडीचा वार बघून मागा.

नात बाहेर आली. वय सोळा, पास. आजोबांनी पुड्या खिशात टाकल्या, झाकण कपावर बसवलं. तिने गाडी पार्किंगमधून एका दमात मागे घेतली. मी सवयीने डावीकडचं दार उघडलं. तिथे स्टिअरिंग धरून बायको आधीच बसली होती.