डुक्कर फियाटचं दार आणि तुमचा एक स्टार

नमस्कार साहेब,

जुन्या गाड्या उभ्या करायच्या आमच्या शेडबद्दलचा तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि काल सकाळी शेडमधल्या पोरांनाही मोठ्यानं वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय की गाडी दिवाळीला देतो म्हणाले आणि होळी उलटल्यावर दिली. शेडमध्ये तशीच दुसरी डुक्कर फियाट, म्हणजे जुनी फियाट 1100, धूळ खात उभी होती, पण तिचं दार काढून दिलं नाही. उलट जुन्या दाराला ठिगळ लावलं आणि ते 'बनवलं' म्हणून 14,000 लावले. आणि जे स्वतः हेराल्डसारख्या जुन्या गाड्या कापून विकतात त्यांनी गाड्या वाचवायच्या गप्पा मारू नयेत. यापेक्षा भंगारवाला परवडला, असा शेवट केलाय.

उशिराचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. बंपर क्रोमसाठी मुंबईला पाठवला, तो फोड येऊन परत आला, पुन्हा पाठवला, त्यात दीड महिना गेला. पण ते निम्मंच कारण. दिवाळीची तारीख मी तुम्हाला फोनवर दिली ती आमच्या डेंटिंगच्या चाचांना न विचारता, गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून. नंतर तुम्ही फोन करत राहिलात आणि पोरं 'शेठ बाहेर गेलेत' सांगत राहिली. मी बाहेर गेलो नव्हतो, बहुतेक वेळा तुमच्याच गाडीखाली होतो. माफी मागतो. डिसेंबरपासून शेड भाडं म्हणून बिलात जे 3,000 लागलेत ते लावायलाच नको होते, ते परत करतोय.

आता दार.

तुमची गाडी 1958 ची. प्रीमियरनं कुर्ल्यात 1954 पासून जी फियाट 1100 बनवायला घेतली, त्या घराण्यातली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. म्हणजे पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या एकाच खांबाला. पुढं 1964 ला डिलाइट आली, तीच नंतर पद्मिनी झाली, तिची दारं सरळ उघडतात. त्यामुळं पद्मिनीचं दार तुमच्या गाडीला लागत नाही, हे तुम्हाला दोन गॅरेजवाल्यांनी आधीच सांगितलं होतं. तुम्हाला दुसऱ्या डुक्करचंच दार हवं होतं आणि तशी गाडी आमच्याकडं दिसली. तिथून भांडण सुरू झालं.

गाडी आली त्या दिवशी तुमच्यासमोरच दाराला चुंबक लावून पाहिला होता, आठवतं? कंबरेपर्यंत टकाटक चिकटला. हँडलच्या खाली वीतभर सरकवला तर गळून खाली पडला. तिथं पत्रा नव्हताच, सगळी पुट्टी होती. दुसऱ्या दिवशी चाचांनी ती छिन्नीनं उकरली तर आत वर्तमानपत्राचे बोळे निघाले. कुणा पेंटरनं कधीकाळी भोकात कागद कोंबून वरून पुट्टी मारली होती. गाडी बाहेरून चकचकीत, आत रद्दी.

दार का सडलं तेही सांगतो, कारण जुन्या गाडीवाल्यांना हे कुणी सांगत नाही. काचेच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात जाणारच, गाडी नवी असली तरी जातं. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. पेंटर किंवा अंडरकोटवाला ती बुजवून टाकतो, पाणी आत साठतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं संपलेलं असतं. तुमच्या चारही दारांची भोकं आम्ही मोकळी केलीत. दर पावसाळ्याआधी सायकलचा स्पोक घालून तेवढी साफ करा.

म्हणजे खराब होती ती खालची पाच इंचांची पट्टी. वरचं सगळं दार, हँडल, काच फिरवायचं यंत्र, आतली चौकट, कंपनीतून निघालेलं तसंच. चाचांनी 20 गेजचा पत्रा घेऊन, लाकडी ठोकळ्यावर हातोडीनं वळवून, आतली आणि बाहेरची अशा दोन पट्ट्या केल्या. अकरा दिवस लागले. दार सात वेळा लावून सात वेळा उतरवलं, कारण उलट्या दाराला बिजागरीत सुतभर फरक पडला की पुढच्या टोकाला बोटभर फट दिसते. 14,000 त्या अकरा दिवसांचे आहेत. कमी सांगायला पाहिजे होतं की आधी सांगायला पाहिजे होतं, यावर बोलू. आधी लेखी सांगायला हवं होतं, हे मान्य.

दुसऱ्या गाडीचं दार का नाही दिलं? ती गाडी निफाडकडच्या एका शेतकऱ्याच्या पत्र्याच्या शेडमधून आणलीय. द्राक्षाच्या क्रेटखाली वीस-बावीस वर्षं उभी होती, मागच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. वास अजून गेला नाही. पण त्या घरच्या आजींनी कापडात गुंडाळलेलं आरसी बुक काढून दिलं. त्यावरचा चॅसिस नंबर गाडीवर आहे, इंजिन नंबर इंजिनावर आहे. दारं, दिवे, मीटर, पुढची जाळी, सगळं तिचं तिचंच. आज अशी गाडी सापडणं म्हणजे काय, हे तुम्ही स्वतः एक दार शोधत तीन शहरं फिरलात, तुम्हाला सांगायला नको.

आणि तुमचा तो भंगारवाला. टनाच्या आतली गाडी, काट्यावर घातली तर पंचवीस हजारांच्या आसपास हाती येतात. पण तो ती काट्यावर घालत नाही. आधी जाळी निघते, मग दिव्यांच्या रिंगा, स्टिअरिंग, मीटर, मोनोग्राम. हे सुटं सुटं विकलं की अख्ख्या बंद गाडीला कुणी देणार नाही इतके पैसे होतात. उरलेलं तोंड कापून हायवेवरच्या एखाद्या हॉटेलाचं काउंटर होतं, पाठीचा सोफा होतो. आग्रा रोडला जेवायला थांबलो आणि असा सोफा दिसला की मी बाहेरच्या बाकावर बसतो, बायको हसते. जुन्या गाड्या गंजून मरतात त्याहून जास्त या हिशोबानं मरतात, असं मला तरी वाटतं. मी तुम्हाला एक दार दिलं असतं तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं बंपर मागितला असता, तिसऱ्यानं जाळी. एक दार काढलेली गाडी कुणी पूर्ण करत नाही. ती 'पार्टची गाडी' होऊन बसते.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हापासून आम्हाला फियाटसाठी फोन वाढलेत. टॅक्सी भंगारात जात होत्या तोवर पद्मिनीचा माल मिळायचा. डुक्करचा तर तेव्हाही मिळत नव्हता.

हेराल्डचं तुमचं बोलणं मात्र लागलं, कारण ते खोटं नाही. आम्ही हेराल्ड कापली, गेल्या उन्हाळ्यात, आणि अजून दोन कापल्यात त्याआधी. स्टँडर्ड कंपनी मद्रासला 1961 पासून ती गाडी बनवायची. तिची चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आणि वर बॉडी नट-बोल्टनं बसवलेली, बोनेट तर अख्खं पुढं पालथं होतं. चॅसिस शाबूत असेल तर हेराल्ड वाचते. ही जी आली होती तिच्या चॅसिसला बोट लावलं तर ते आत जात होतं, इंजिन भलत्याच गाडीचं, कागद नाहीत, नंबराची पट्टी कुणीतरी आधीच उचकटलेली. अशी पट्टी का उचकटतात हे या धंद्यातला कुणीही सांगेल: दुसऱ्या गाडीला कागद चिकटवायला. ती उभी करणं म्हणजे नवी गाडी बनवून जुनी म्हणून विकणं झालं असतं. तिच्या बोनेटवर आणि मागच्या एक्सलवर आज दोन हेराल्ड चालतात, त्यातली एक इथंच कॉलेज रोडला दिसते.

तेव्हा आमच्याकडं हिशोब एवढाच: नंबर, कागद आणि स्वतःचं इंजिन घेऊन जी गाडी उभी आहे तिला छिन्नी लावायची नाही, कुणीही मागितलं तरी. ज्या गाडीचं यातलं काहीच उरलं नाही ती दुसरीच्या कामी येऊ द्यायची. मधल्या गाड्यांवर आमच्यात वाद होतात. दोनदा मी चुकलोही असेन. पहिली जी कापली ती आज आली असती तर कापली नसती.

रिव्ह्यूत नाही, पण फोनवर तुम्ही दोन गोष्टी बोलला होता, त्यांचंही सांगून टाकतो. मारुतीचं इंजिन बसवायला मी नको म्हणालो ते हट्टानं नाही. 2021 च्या केंद्राच्या नियमात 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे, मोठा फेरफार झालेला नको. इंजिन बदललं की तो दरवाजा आपण आपल्या हातानं बंद करतो. आणि व्हिंटेज नोंदणीत मिळतो त्या 'व्हीए' अक्षरांच्या नंबरसाठी आम्ही काही केलं नाही ही तुमची तक्रार. नव्या नोंदणीची फी 20,000 आहे, मुदत 10 वर्षं, ते भरूही. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, अशाच कामांसाठी. तुम्हाला तर दर रविवारी आईंना त्र्यंबकेश्वरला न्यायचंय. मग आहे तीच नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत ठेवा, असं माझं मत. शेवटी गाडी तुमची.

स्टार बदला असं म्हणत नाही. उशिराचा एक स्टार आम्ही कमावलेलाच आहे. फक्त 'जुन्या दाराला ठिगळ लावलं' हे वाक्य तेवढं काढा. चाचांनी ते पोराकडून दोनदा वाचून घेतलं आणि दुपारचा चहा घेतला नाही.

दाराचं रबर आलंय, ते लावायचं राहिलंय. शनिवार सोडून कधीही या, अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे नाहीत. तुमच्या जुन्या दाराची कापलेली पट्टी आणि ते वर्तमानपत्राचे बोळे एका पिशवीत ठेवलेत. येताना त्या पेंटरचं नाव आठवलं तर सांगा, आमच्याकडं त्याच्या हातची अजून एक गाडी आलीय असा चाचांना संशय आहे.