पूर्व भागातल्या शाळेला स्मार्ट बोर्ड द्यावा का?

सोलापुरातल्या कन्ना चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी चहाबरोबर बहुधा सुताचे भाव नाहीतर नळाला पाणी किती दिवसांआड येणार, हेच विषय निघतात. या आठवड्यात मात्र अण्णांनी शाळेचा विषय काढला. अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. पूर्व भागातल्या ज्या शाळेत ते शिकले, तिला वडिलांच्या नावाने देणगी द्यायची त्यांच्या मनात आहे. भिंतीवर लावायचा, बोटाने चालणारा मोठा स्मार्ट बोर्ड द्यावा, असे त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकले होते.

अण्णांचे म्हणणे साधे होते. आपल्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो तंत्रज्ञानाच्या जोरावरच ना? मग शहरातल्या शाळेने मागे का राहावे?

जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवून निवृत्त झालेले आमचे मास्तर यावर लगेच म्हणाले, "अण्णा, परितेवाडीचे उदाहरण तुमच्या नाही, माझ्या बाजूचे आहे." डिसले गुरुजींनी सुरुवात यंत्रापासून केली नाही. वर्गातल्या मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते, हे त्यांनी आधी ओळखले, मुलांसाठी पुस्तकातला मजकूर कन्नडमध्ये आणला आणि धड्यांना क्यूआर कोड जोडून कविता, चित्रफिती व स्वाध्याय मोबाईलवर उपलब्ध करून दिले. कोड ही त्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट होती. मूल नेमके कुठे अडते हे जाणणारा शिक्षक ही सर्वांत महाग. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत पुढे असे कोड आले, २०१७ मध्ये केंद्राचा 'दीक्षा' हा ऑनलाइन शिक्षण-साहित्याचा मंच सुरू झाला. पण पुस्तकात कोड छापलेला असला म्हणून वर्गात तो कोणी उघडतोच असे नाही.

मला मास्तरांचा हा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्या सोलापुरात तो रोजचा आहे. पूर्व भागात पाचवीतला मुलगा घरी तेलुगू बोलतो, शाळेत मराठी वाचतो आणि गल्लीत दोन्हींची सरमिसळ करतो. हद्दवाढ भागात हेच कन्नडचे, तर काही पेठांत उर्दूचे. अशा मुलासमोर बोर्डावर कितीही सुंदर चित्रफीत लावली, तरी तिच्यातली पुस्तकी मराठी त्याच्या डोक्यावरून गेली तर तो केवळ हलती चित्रे पाहतो. बालभारती तेलुगू आणि कन्नड माध्यमाचीही पुस्तके काढते. तेव्हा त्या भाषेतला मजकूर आणि मराठी धडा शेजारी शेजारी ठेवणारे साधन जर कोणी शिक्षकाच्या हाती दिले, तर त्याचे काम खरोखर हलके होईल.

जॉबर, म्हणजे कारखान्यात माग दुरुस्त करणारा, असलेल्या आमच्या मित्राची हरकत वेगळीच होती. शाळा बंद होत्या त्या काळात घरातला एकच मोबाईल तो पाळीला जाताना सोबत नेत असे आणि मुलीचा वर्ग तो परत येईपर्यंत संपलेला असे. आज घरोघरी मोबाईल आहेत, पण त्याच्या मते त्यामुळेच काळजी वाढली आहे. त्याची शंका निराधार नाही. ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांविषयी 'असर' या शिक्षणविषयक पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की, ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ७६ टक्के मुलांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी. आकडे खेड्यांतले असले तरी आपल्या गल्लीतले चित्र याहून फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

अण्णा सहजासहजी मागे हटणारे नव्हते. "मग काय, फळा-खडूवरच राहायचे?" असे त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न योग्यच होता.

मास्तरांनी चहाच्या टपरीवरचा एक जुना कागद घेतला, त्याच्या घड्या घातल्या आणि आम्हाला सातवीतही दिसणारी एक चूक दाखवली. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांत मोठे कोणते, असे विचारले की बरीच मुले एक चतुर्थांश म्हणतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. स्मार्ट बोर्डावर शिक्षक उत्तर दाखवतो, चाळीस मुले "हो सर" म्हणतात आणि चूक ज्याची त्याच्याजवळच राहते. तेच, मुलाच्या हातातल्या टॅबवरचा चांगला कार्यक्रम त्याचे चुकीचे उत्तर पाहून त्याला चौथीच्या पायरीवर नेतो आणि घडी, भाग, संख्यारेषा असे करत वर आणतो. मुख्य म्हणजे, ही चूक वर्गातल्या कोणकोणत्या मुलांची आहे हे शिक्षकाला त्याच दिवशी कळते.

हा नुसता तर्क नाही. दिल्लीत २०१५ मध्ये शाळेनंतरच्या केंद्रांत झालेल्या एका प्रयोगात मुले ४५ मिनिटे आपापल्या पातळीनुसार चालणाऱ्या संगणक कार्यक्रमावर आणि ४५ मिनिटे छोट्या गटात शिक्षकासोबत बसत; साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत त्यांची स्पष्ट प्रगती दिसली. याउलट पेरू देशात सरकारने खेड्यांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले, पण पंधरा महिन्यांनंतरच्या तपासणीत गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. दोन्हीकडे यंत्र होतेच. मुलाच्या पातळीचा विचार आणि सोबतीला माणूस मात्र एकाच ठिकाणी होता.

इथे मास्तर जरा कळवळून बोलले. शिक्षकाचा मोबाईल आज शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यातच अधिक झिजतो: यू-डायस या सरकारी प्रणालीतली शाळेची माहिती, हजेरी, पोषण आहार, कार्यक्रमांचे फोटो. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा वेळ वाचवायचा असतो. तो वेळच खाल्ला तर वर्गात कितीही महागडी वस्तू लावा, तिला हात लावायला कोणाला फुरसत नाही. एका शाळेला कोणीतरी हौसेने दिलेला प्रोजेक्टर दिवा गेल्यावर कपाटात गेला तो कायमचाच, हे त्यांनी स्वतः पाहिले आहे. दिव्याचा खर्च कोणी करायचा हे देताना ठरलेच नव्हते.

शेवटी अण्णांनी बोर्डाचा हट्ट सोडला, पण पूर्ण नाही. एका वर्गापुरते टॅब घ्यावेत, नेट नसतानाही चालेल असा मजकूर त्यांत भरून घ्यावा, ते शाळेतच राहावेत आणि गणिताच्या तासाला गटागटाने वापरावेत, इथपर्यंत एकमत झाले. जॉबर मित्राने चार्जिंगच्या पेटीचे काम अंगावर घेतले. अण्णांची अट एवढीच की, वर्षभराने कोणत्या मुलाला काय येऊ लागले ते शाळेने दाखवावे. मास्तरांची प्रतिअट अशी की, देणगीतली चौथाई रक्कम दुरुस्तीसाठी आणि तेलुगूतून समजावू शकेल अशा एका तरुणीच्या मानधनासाठी बाजूला काढावी. मानधनाची बाब अण्णांना अजून पटलेली नाही. "नाव कोरायला वस्तू लागते," असे त्यांचे म्हणणे आहे. शनिवारी मुख्याध्यापकांना भेटायला आम्ही चौघेही जाणार आहोत आणि मी तिथे मास्तरांच्या बाजूने बोलणार आहे.