इस्रायलला टूरिस्ट व्हिसावर कामाला? तो मेसेज पुढे पाठवू नका

‘युद्धामुळे इस्रायलमध्ये घरकामाला आणि शेतीला माणसं हवीत. दहावी नापास चालेल, पगार दोन लाख, टूरिस्ट व्हिसावर जा, परमिट तिथे मिळेल, खर्च फक्त तीन लाख.’ हा मेसेज वाचून माझी मावसबहीण दागिने गहाण टाकायला निघाली होती. म्हणून लिहितोय.

आधी व्हिसा, कारण खरा घात तिथेच होतो. टूरिस्ट व्हिसाचा तिथे गेल्यावर कामाचा व्हिसा होत नाही. मेसेजमधलं ‘घरकाम’ म्हणजे खरं तर आजारी किंवा वृद्ध माणसाची सेवा; ज्या घरात असा माणूस आहे, त्या घराला आधी परदेशी कामगार ठेवायची सरकारी परवानगी लागते. मग तुमच्या नावाने बी-१ म्हणजे कामाचा व्हिसा निघतो आणि तो हातात आल्यावरच इथून विमानात बसायचं. पर्यटक म्हणून उतरून काम धरलंत की तुम्ही बेकायदेशीर. मालकाने पगार बुडवला तरी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पकडलं तर परत पाठवतात, डोक्यावरचं कर्ज तसंच राहतं.

तीन लाख कशाचे? भारताच्या १९८३ च्या एमिग्रेशन (कामासाठी परदेशी जाण्याच्या) कायद्याखालच्या नियमांनुसार नोंदणीकृत एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो. १८ टक्के जीएसटी धरून ३५,४००, तेही पावती देऊन. नोंदणी नसलेल्याला माणसं पाठवायचा अधिकारच नाही. गावोगाव फिरणारा ‘सब-एजंट’ या कायद्यात कुठेच बसत नाही.

पगार मोठा आहे, हे मान्य. पण केअरगिव्हरला, म्हणजे घरी राहून अशी सेवा करणाऱ्याला, तिथलं किमान वेतन मिळतं; २०२५ मध्ये ते महिना दीड लाखाच्या आतबाहेर होतं. त्यातून राहण्याचे आणि विम्याचे पैसे कापले जातात. घरात राहून सेवा करणाऱ्यांना ओव्हरटाइम लागू नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ठरवलंय. आणि हे झाडूपोछा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्याला रात्रीसुद्धा कूस बदलून द्यायची, डायपर बदलायचे, पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायचं. उचलायची पद्धत शिकली नसेल तर पाठ कायमची जाते. म्हणूनच २०२४ मध्ये इस्रायलने भारताकडे ५,००० केअरगिव्हर मागताना दहावी पास आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामासह कोर्स, अशी अट होती.

शेतीचं थोडक्यात: कामगार पाठवण्याचा नोव्हेंबर २०२३ चा भारत-इस्रायल करार राबवायला घेतला तो बांधकाम आणि घरगुती शुश्रूषेसाठी. शेतीत प्रामुख्याने थाई कामगार असतात. मार्च २०२४ मध्ये लेबनॉन सीमेजवळ मार्गालियोतच्या बागेत क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार मारला गेला; म्हणून कुठलं गाव, सीमेपासून किती लांब, हेही विचारा.

एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर एक रुपयाही देऊ नका.